बलन्सियाचे पाणी

स्पेनचे नाव निघाले की आपल्या घरांत दोन शब्द हटकून उच्चारले जातात : कुर्तुबा आणि गरनाता. म्हणजे आजचे कोर्दोबा आणि ग्रानाडा. इक्बालांनी १९३३ साली कुर्तुब्याची मशीद पाहिली आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म लिहिली. त्याआधी अब्दुल हलीम शरर यांच्या 'फ्लोरा फ्लोरिंडा' या कादंबरीने उर्दू वाचकाला स्पेनच्या गल्लीबोळांतून फिरवून आणले होते. या वाचनातून आपल्या मनात अंदलुसचे एक चित्र तयार झाले. हरवलेल्या जन्नतचे. त्या चित्रात खांब आहेत, कमानी आहेत, कारंजी आहेत, बादशहा आहेत आणि त्यांचे शायर आहेत. शेतकरी मात्र त्यात कुठेच नाही.

तो शेतकरी पाहायचा असेल तर कोर्दोबा-ग्रानाडाची वाट सोडून पूर्वेकडे, भूमध्य समुद्राच्या काठी जावे लागते. तिथे व्हॅलेन्सिया नावाचे शहर आहे. लोकसंख्येने स्पेनमधले तिसरे. अरब त्याला 'बलन्सिया' म्हणत. इथे अलहम्ब्रासारखा महाल नाही, डोळे दिपवणारी मशीदही नाही. प्रवासी इथे येतात ते बागांत हिंडायला, संग्रहालये पाहायला आणि भात खायला. पण या तीन साध्या गोष्टींच्या मागे आठशे-नऊशे वर्षांचा मुसलमानी इतिहास उभा आहे. बादशहांचा नव्हे, पाटाचे पाणी धरणाऱ्या हातांचा.

पहिला दिवस बहुतेक प्रवासी तुरिया नदीच्या बागेत घालवतात. ही बाग विलक्षण आहे, कारण ती नदीच्या पात्रातच आहे. सुमारे नऊ किलोमीटर लांबीची हिरवी पट्टी शहराच्या मधून वळसे घेत जाते. वर जुने दगडी पूल तसेच आहेत. खाली पाण्याऐवजी झाडे, सायकलींचे रस्ते, मुलांची मैदाने आणि समुद्राकडच्या टोकाला कला आणि विज्ञान नगरीच्या पांढऱ्याशुभ्र इमारती. नदी गेली कुठे? १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तिला महापूर आला आणि किमान ८१ माणसे गेली. त्यानंतर सरकारने शहराच्या दक्षिणेने नवे पात्र खोदून नदी तिकडे वळवली. रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून मोटारींचा मोठा रस्ता काढण्याचा बेत होता. लोकांनी तो हाणून पाडला. नदीचे पात्र आमचे आहे आणि ते हिरवेच राहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९७६ साली ती जागा शहराला मिळाली आणि १९८६ पासून बाग लोकांसाठी खुली होऊ लागली.

पाण्याशी माणसाचे भांडण मात्र तेवढ्याने मिटत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी याच प्रांतात असा पाऊस कोसळला की २२० हून अधिक माणसे दगावली. नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचले. दक्षिणेकडची गावे मात्र चिखलात बुडाली. या मातीत पाणी कधी अजिबात नसते आणि कधी आवरत नाही. त्याला शिस्त लावणे हाच या प्रदेशाचा खरा इतिहास आहे.

या नदीला अरबांनी 'वादी-उल-अब्यज' म्हणजे 'पांढरी नदी' असे नाव दिले होते. उगमाकडच्या भागात ती आजही 'ग्वादालाव्हियार' म्हणून ओळखली जाते. काठावर 'रॉयल गार्डन' म्हणतात ती जुनी बाग आहे. अकराव्या शतकात मन्सूरचा नातू अब्दुल अझीझ याने इथे नदीपलीकडे आपला बगीचा आणि वाडा उभारला. पुढे ख्रिस्ती राजांनी त्याच जागी राजवाडा बांधला. १८१० साली फ्रेंचांशी झालेल्या युद्धात तो पाडला गेला. बागेतल्या छोट्या टेकड्या त्याच्याच राडारोड्याच्या आहेत. मुले त्यांवरून घसरत खेळतात.

शहराच्या दक्षिणेला रुसाफा नावाची वस्ती आहे. चहा-कॉफीची दुकाने, पुस्तके, तरुण मंडळींची गर्दी. या नावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दमास्कसच्या उमय्या खलिफांचा एक विश्रांतीचा मुक्काम सीरियात रुसाफा येथे होता. त्यांचे राज्य बुडाले तेव्हा त्या घराण्यातला अब्दुर रहमान जीव वाचवून स्पेनला पोहोचला. त्याने कोर्दोब्याजवळ बाग केली आणि तिला घरच्या आठवणीने रुसाफा हे नाव दिले. त्याचा मुलगा अब्दुल्ला बलन्सियात राहिला. त्यानेही आपल्या बागेला रुसाफाच म्हटले. एका परागंदा माणसाची घरची आठवण अशी दोन शहरांत, दोन पिढ्यांत रुजली. आज त्या वस्तीत मोरोक्को-अल्जिरियाकडून पोटासाठी आलेली कुटुंबेही राहतात आणि तिथे हलाल मांसाची दुकानेही सापडतात.

दुसरा दिवस संग्रहालयांचा. कॅथेड्रलच्या पाठीमागे 'अल्मोइना' नावाचे पुरातत्त्व केंद्र २००७ साली सुरू झाले. जमिनीखाली उतरले की शहराचे थर दिसू लागतात. रोमनांनी इ.स.पूर्व १३८ मध्ये वसवलेल्या गावाचे रस्ते आणि स्नानगृहे, त्यावर व्हिसिगॉथ काळातल्या कबरी, त्यावर मुसलमान राज्यकर्त्यांच्या किल्ल्यातले अंगण आणि हौद. बाजूचे कॅथेड्रल १२६२ मध्ये बांधायला घेतले ते जामा मशिदीच्या जागेवर. आणि त्या मशिदीच्याही आधी तिथे ख्रिस्ती लोकांचे जुने चर्च होते. ज्याने त्याने आपल्या आधीच्याच्या छातीवर पाय रोवून आपले देऊळ उभारले आहे. आपण कुठल्या तरी एका थराशी थांबून रडायला लागलो तर ते रडणे अर्धवट ठरते.

थोड्याच अंतरावर 'अल्मिरान्ते'चा हमाम आहे. छताला ताऱ्यांच्या आकाराची भोके, त्यांतून उतरणारा उजेड, थंड-कोमट-गरम अशा तीन खोल्या. पाहणारा सहज म्हणतो, हे आपले. पण तो बांधला गेला १३१३ च्या सुमारास, म्हणजे शहर ख्रिस्ती राजाच्या हाती जाऊन पाऊणशे वर्षे झाल्यावर. राज्य गेले, पण अंघोळीची रीत शेजाऱ्यांनी ठेवून घेतली. राष्ट्रीय मृत्तिकाशिल्प संग्रहालयातही हेच दिसते. मानिसेस आणि पातेर्ना या जवळच्या गावांतली सोनेरी झळाळीची भांडी युरोपभरच्या राजेरजवाड्यांनी आणि धर्मगुरूंनी मागवली. ती कला तिथे मुसलमान कुंभारांनी रुजवली आणि ख्रिस्ती राजवटीतही ते चाकावर बसत राहिले. भिंतीवरच्या रंगीत फरशीला स्पेनमध्ये आजही 'आसुलेहो' म्हणतात. मूळ अरबी शब्द 'अज्-जुलैज'.

शहराच्या इतिहासाचे संग्रहालय २००३ साली उघडले. ते आहे एकोणिसाव्या शतकातल्या पाण्याच्या टाकीत. विटांच्या कमानींच्या रांगा पाहून क्षणभर मशिदीत आल्याचा भास होतो. इथे दोन माणसांची आठवण काढायला हवी. पहिला इब्न जुबैर, ११४५ मध्ये बलन्सियात जन्मलेला. ग्रानाडाच्या सुभेदाराकडे चिटणीस होता. सुभेदाराने त्याला जबरदस्तीने दारू पाजली आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून तो हजला निघाला, असे सांगतात. ११८३ ते ११८५ या प्रवासाचे त्याने लिहिलेले वर्णन आजही वाचले जाते. इतका कट्टर दीनदार माणूस, पण पाहिले ते त्याने लपवले नाही. शामच्या किनाऱ्यावर फ्रँक जमीनदारांच्या हाताखालचे मुसलमान शेतकरी आपल्याच धर्माच्या जमीनदारांखालच्या शेतकऱ्यांपेक्षा सुखी आहेत, हे त्याने मोठ्या खेदाने नोंदवले. राज्यकर्ता आपल्या धर्माचा आहे एवढ्याने रयतेचे पोट भरत नाही, हे बाराव्या शतकातल्या हाजीने लिहून ठेवले आहे.

दुसरा इब्नुल अब्बार, ११९९ मध्ये याच शहरात जन्मलेला इतिहासकार आणि कवी. अरागॉनचा राजा जैमे पहिला याने शहराला वेढा घातला तेव्हा इब्नुल अब्बार मदत मागायला ट्यूनिसला गेला आणि तिथल्या सुलतानापुढे त्याने कसीदा म्हटला. मदत आली ती पुरी पडली नाही. शेवटी शरणागतीच्या बोलण्यांतही त्यालाच बसावे लागले. ९ ऑक्टोबर १२३८ रोजी जैमे शहरात शिरला. तो दिवस आज व्हॅलेन्सियाचा उत्सवाचा दिवस आहे. इब्नुल अब्बार ट्यूनिसला गेला आणि तिथल्याच सुलतानाच्या हुकुमाने १२६० मध्ये मारला गेला. ज्यांच्या दारी आसरा मागितला त्यांनीच जीव घेतला. उम्मतच्या गप्पा मारताना हाही प्रसंग लक्षात ठेवावा.

तिसरा दिवस जेवणाचा. व्हॅलेन्सियाचे जेवण म्हणजे 'पाएया'. मोठ्या उथळ कढईत, संत्र्याच्या लाकडांच्या जाळावर शिजवलेला केशरी भात. मूळ गावरान पाएयात कोंबडी, ससा आणि शेंगा असतात. हलालचा विचार करणारा प्रवासी मासळीचा किंवा भाज्यांचा भात मागतो आणि तृप्त होतो. कढईच्या तळाला लागलेली खुरचन हा तिथला मानाचा घास. तिला 'सोकार्रात' म्हणतात आणि त्यासाठी पंगतीत लटकी भांडणे होतात. आपल्याकडच्या बिर्याणीच्या देगचीभोवती वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. 'पाएया' हा शब्द अरबी 'बकिया'पासून, म्हणजे उरलेल्या अन्नापासून आला असे काही उत्साही मुसलमान सांगतात. ते खरे नाही. तो लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ कढई. खोट्या अभिमानाची गरज नाही, कारण कढईत जे शिजते त्याचे नाव 'अर्रोस', अरबी 'अर्-रुझ'. त्यात पडते ते 'आसाफ्रान', म्हणजे जाफरान. तेल 'आसेइते', अरबी 'अज्-झैत'.

बाजारात फिरताना तर मराठी माणसाला आपलीच भाजी मंडई दूरच्या नात्याने भेटते. वांग्याला तिथे 'बेरेन्हेना' म्हणतात. ते अरबी 'बादिंजान'वरून आले, ते फारसीतून, आणि फारसीत ते आले हिंदुस्थानातून. आपले 'वांगे' त्याच कुळातले. 'नारान्हा' म्हणजे संत्रे. मागे मागे गेले की अरबी 'नारंज', फारसी 'नारंग' आणि शेवटी संस्कृत 'नारंग'. 'आसूकार' म्हणजे साखर. अरबी 'सुक्कर', मागे 'शर्करा'.

हे केवळ शब्दांचे कौतुक नाही. भात, ऊस, वांगी ही उन्हाळ्यात पाणी मागणारी, आपल्याकडच्या पावसाळी मुलखातली पिके. भूमध्य समुद्राकाठी मात्र पाऊस पडतो थंडीत आणि उन्हाळा असतो कोरडा ठक्क. रोमनांची शेती गहू, द्राक्ष आणि ऑलिव्ह यांवर चाले, म्हणजे हिवाळी पावसावर. मान्सूनची पिके त्या मातीत जगवायची तर भर उन्हाळ्यात नदीचे पाणी पाटाने शेतापर्यंत न्यायला हवे, आणि प्रत्येकाला मोजून द्यायला हवे. बलन्सियाच्या मुसलमान शेतकऱ्याने ते केले. बंधाऱ्याला त्याने 'सद्द' म्हटले, त्याचे स्पॅनिश 'आसूद' झाले. पाटाला 'साकिया' म्हटले, त्याचे 'आसेकिया' झाले. हा 'साकिया' आणि आपल्या गझलांतला 'साकी' एकाच धातूचे. पाजणे हा अर्थ. एक प्याला भरतो, दुसरा शेताला पाजतो. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचे सरोवर आहे, 'अल-बुहैरा', छोटा समुद्र. त्याच्या काठावर आजही मैलोन् मैल भातखाचरे पसरलेली आहेत.

चौथा दिवस गुरुवार असावा असे प्रवाशाने बघावे. कॅथेड्रलला प्रेषितांचा दरवाजा आहे. गुरुवारी दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास त्याच्यासमोर लोखंडी कठड्याच्या आत लाकडी खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या जातात. बाराचे टोले पडले की काळे डगले घातलेले आठ शेतकरी येऊन बसतात. हे 'जल-न्यायालय'. तुरियाच्या पाण्यावर चालणाऱ्या आठ पाटांचे हे आठ प्रतिनिधी, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले. पुकारा करणारा 'आल्ग्वासिल' एकेका पाटाचे नाव घेऊन विचारतो, कोणाची तक्रार आहे काय? 'आल्ग्वासिल' म्हणजे अरबी 'अल-वजीर'. कुर्तुब्याच्या दरबारातला वजीर इथे पाटाचा चोपदार होऊन अजून नोकरी करतो आहे.

तक्रार असली तर ती तोंडी. पाळी नसताना पाणी घेतले, पाणी वाया घालवले, पाट साफ केला नाही, अशी. वकील नाही, कागद नाही. अध्यक्ष ज्याच्याकडे पायाने खूण करतो त्याने बोलायचे. ज्या पाटाचा आरोपी असेल त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. निकाल तिथल्या तिथे आणि त्यावर अपील नाही. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते आणि पाच-दहा मिनिटांत सगळे उठून जातात. कॅमेरे सरसावून बसलेले पर्यटक हिरमुसतात. पण तंटाच नसणे हेच तर त्या न्यायालयाचे यश.

हे न्यायालय कुर्तुब्याच्या खलिफांच्या काळात, इ.स. ९६० मध्ये सुरू झाले अशी परंपरा आहे, आणि १९६० साली त्याची सहस्राब्दीही साजरी झाली. इतकी नेमकी तारीख मान्य करायला इतिहासकार तयार नाहीत. पण एक गोष्ट कागदोपत्री पक्की आहे. शहर जिंकल्यानंतर थोड्याच काळात, १२३९ मध्ये, जैमे राजाने पाट रहिवाशांच्या हवाली केले आणि पाण्याचे वाटप मुसलमानांच्या काळी होत असे त्याच रिवाजाने व्हावे असा हुकूम काढला. जिंकणाऱ्याने मशीद पाडली, घरे वाटून टाकली, पण पाण्याच्या पाळीला हात लावला नाही. २००९ साली युनेस्कोने या न्यायालयाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आपल्या खानदेशात पांझरा नदीवर चालणारी फड पद्धत आणि तिथले पाटकरी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

आता या गोष्टीचा शेवट सांगायला हवा. राज्य गेल्यावरही मुसलमान शेतकरी त्या मुलखात पुढे पावणेचारशे वर्षे राहिले. आधी मुसलमान म्हणून. १५२० नंतरच्या बंडाळीत त्यांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला गेला आणि १५२५ च्या राजाज्ञेने उरलेल्यांनाही ख्रिस्ती व्हावे लागले. त्यांना 'मोरिस्को' म्हणत. चर्चमध्ये नाव, मनात संशय. त्यांचा स्वतःचा नव्हे, शेजाऱ्यांचा. चौऱ्याऐंशी वर्षे ख्रिस्ती म्हणून काढल्यावरही ते खरे ख्रिस्ती नाहीत, तुर्कांचे हस्तक आहेत, असे म्हटले गेले. २२ सप्टेंबर १६०९ रोजी व्हॅलेन्सियात तिसऱ्या फिलिप राजाचा हुकूम जाहीर झाला. तीन दिवसांत निघायचे, अंगाखांद्यावर नेता येईल तेवढेच न्यायचे, गलबतात बसून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचे. या प्रदेशातून सुमारे एक लाख सतरा हजार माणसे गेली, म्हणजे दर तिघांतला जवळपास एक. साऱ्या स्पेनमधून १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख. या प्रसंगाची मोठी तैलचित्रे राजानेच काढवून घेतली. ती व्हॅलेन्सियातल्या एका बँकेच्या प्रतिष्ठानाच्या संग्रहात आहेत. बंदर, शिडे, सैनिक आणि गाठोडी घेतलेल्या माणसांची गर्दी.

त्या हुकुमात एक कलम आहे. शंभर घरांच्या प्रत्येक गावात सहा घरे ठेवावीत, असे ते सांगते. कशासाठी? घरांची देखभाल, साखरेचे कारखाने, भाताचे पीक आणि पाटबंधारे चालू राहावेत आणि नव्याने येणाऱ्या वसाहतकऱ्यांना या कामाची माहिती देता यावी म्हणून. म्हणजे हाकलणाऱ्याला पक्के माहीत होते की हा मुलूख कोणाच्या हातांवर चालतो. तरीही त्याने हाकलले. सहा घरे ठेवायची तीही पाणी कसे धरायचे हे शिकवण्यापुरती. मागे गावेच्या गावे ओस पडली आणि त्यांची घडी नीट बसायला कित्येक पिढ्या लागल्या.

हे कलम वाचल्यावर अंदलुसबद्दलचे माझे रडणे बदलले. महाल गेले, तख्त गेले, याचे मला आता फारसे दुःख होत नाही. तख्ते सगळ्यांचीच जातात. दुःख होते ते त्या चौऱ्याण्णव घरांचे. आपल्याकडेही कोणी आपुलकीबद्दल शंका घेतली की आपण लगेच यादी काढतो. इतके संत-शायर आमचे, इतके कारागीर, इतके हुतात्मे, इतके कलावंत. यादी खरी आहे, अभिमानाची आहे आणि ती लिहून ठेवलीच पाहिजे. पण राहण्याचा परवाना म्हणून ती कोणापुढे धरू नये. मोरिस्कोंची यादी त्यांना घालवणाऱ्या राजाच्याच हुकुमात लिहिलेली होती. तिने त्यांना वाचवले नाही.

वाचवणारी गोष्ट त्याच शहरात, गुरुवारी बारा वाजता, दरवाजाबाहेर मांडलेली असते. त्या पाटांच्या रिवाजात पाणी जमिनीबरोबर जाते. ते बक्षीस म्हणून मिळत नाही आणि विकताही येत नाही. पाटावर ज्याचे शेत त्याचा वाटा. नदी भरली तर सगळ्यांना जास्त, आटली तर सगळ्यांनाच कमी. वाटा मागणाऱ्याला आपण किती उपयोगी आहोत हे कोणी विचारत नाही. त्याने फक्त पाळी पाळायची आणि पाट साफ ठेवायचा. बलन्सियाच्या शेतकऱ्यांनी मागे ठेवलेला खरा वारसा हा आहे. त्यांच्या पोरांच्या वाट्याला तो आला नाही. ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांनी त्यांचे नाव घेतले काय आणि न घेतले काय, दर गुरुवारी वजिराच्या नावाचा चोपदार पुकारा करतोच आहे.